हाताला काय मिळालं?

"मामा, 'गॉड ऑफ वॉर'नं तुझी निराशा केली हे कुणाला सांगू नकोस," भाची म्हणाली. "लोकांना वाटेल, तू तो खेळलाच नाहीस."

"पूर्ण खेळलोय."

"मग आवडला कसा नाही?"

"आवडला नाही असं मी म्हटलेलंच नाही. निराशा झाली, असं म्हटलं. सुमार गेम निराश करत नाही. थोडा खेळून बाजूला ठेवला की विषय संपला. हा डोक्यातून जात नाही, म्हणून तर तुझ्याशी वाद घालत बसलोय."

ज्याच्यावरून हा वाद चालला होता, तो गेम २० एप्रिल २०१८ रोजी प्लेस्टेशन ४ वर आला. सोनीच्या सँटा मोनिका स्टुडिओनं तो बनवला, दिग्दर्शन कोरी बारलॉग यांचं. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला १०० पैकी ९४ गुण आहेत. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये समोर 'रेड डेड रिडेम्पशन २'सारखा तगडा गेम असताना वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम हाच ठरला, आणि पुढच्या वर्षी बाफ्तानंही त्यालाच पहिला मान दिला. जानेवारी २०२२ मध्ये तो कॉम्प्युटरवर आला, तेव्हा माझी भाची तो खेळली. ती ॲनिमेशन शिकते. त्यामुळे पात्र कसं चालतं, कसं वळतं, खांद्यावरचं वजन कसं पेलतं हे ती माझ्यापेक्षा बारकाईनं बघते. या मालिकेच्या नायकाला, क्रेटोसला, मी ओळखतो तो २००५ पासून, प्लेस्टेशन २ च्या दिवसांपासून. तिच्यासाठी तो दाढीवाला, थकलेला बाप आहे. मी त्याला आधी ग्रीक देवांच्या जिवावर उठलेला पाहिलाय आणि मग बाप झालेला.

"म्हणजे तुला जुना क्रेटोस हवा होता," ती म्हणाली. "जुन्या मंडळींचं नेहमीचं आहे हे."

"अजिबात नाही. जुना क्रेटोस तसाच परत आणला असता, तर मीच पहिल्यांदा नावं ठेवली असती. २०१० च्या तिसऱ्या भागात अख्खं ऑलिंपस उद्ध्वस्त करून झालं होतं, पुढे ओरडायला काही उरलंच नव्हतं. त्या गेममध्ये बायका ज्या पद्धतीनं दाखवल्यात, ते भाग आज तुझ्यासमोर लावायला मला लाज वाटेल. माणूस बदलला हे उत्तमच झालं. बायको गेली, तिची राख साऱ्या जगांतल्या सर्वांत उंच शिखरावरून उधळायची, आणि सोबत ज्याच्याशी कधी नीट बोललाच नाही असा मुलगा. याहून चांगली गोष्ट ॲक्शन गेमला क्वचितच मिळाली असेल. गोष्टीबद्दल माझी तक्रारच नाही."

"मग कशाबद्दल आहे?"

"हाताबद्दल."

ती नुसतीच बघत राहिली, तेव्हा मला नीट सांगावं लागलं. ॲक्शन गेम डोळ्यांनी बघितला जातो, कानांनी ऐकला जातो, पण तो खेळला जातो हातांनी. तासन् तास बोटं काय करतात, कशावर विचार करतात, कशाला दचकतात, यावर तो गेम उभा राहतो किंवा पडतो. २००५ च्या गेममध्ये कॅमेरा आपल्या हातात नव्हता. तो लांबून, वरून, ठरलेल्या जागेवरून बघायचा. त्यामुळे आठ शत्रूंचं कडं पडलं, तर आठही जण दिसायचे. साखळीला बांधलेली पाती एका फटक्यात सगळं कडं झाडून काढायची. मग उडी, हवेत दोन वार, खाली येताना तिसरा, आणि जमिनीला पाय टेकायच्या आत पुढचा कोण हे ठरलेलं. बोटं आणि नजर मिळून जागा वाचत होती.

नव्या गेममध्ये कॅमेरा क्रेटोसच्या उजव्या खांद्यामागे येऊन चिकटला. उडीचं बटण गेलं. मारण्याची बटणं पुढून कंट्रोलरच्या खांद्यांवर गेली. समोरचा एक शत्रू भलामोठा दिसतो, पाठीमागचे तिघे दिसतच नाहीत.

"पण तेच तर हवंय!" ती उसळून म्हणाली. "मामा, कॅमेरा लांब ठेवला असता, तर तो मुलगा, अट्रेयस, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका झाला असता. जवळ असल्यामुळे क्रेटोसला मुलगा दिसावा म्हणून मान वळवावी लागते, म्हणजे तुलाच स्टिक फिरवून त्याला शोधावं लागतं. मागचं दिसत नाही, म्हणून मुलगा ओरडून सांगतो. मागे आहे, डावीकडून येतोय. सुरुवातीला तू त्याच्याकडे लक्ष देत नाहीस. नंतर त्याच्या आवाजावर वळायला लागतोस. बापाचा मुलावर विश्वास बसतोय हे कुणी संवादात सांगितलं नाही, तुझ्या मनगटानं ते केलं. हाताचंच बोलतोयस ना? मग हे हाताचंच आहे."

मुद्दा चांगला होता, आणि तिनं तो अगदी माझ्याच मैदानात येऊन मांडला होता.

"तसंच झालं असतं, तर मी काही बोललोच नसतो," मी म्हणालो. "पण क्रेटोसभोवती फिरणारे ते बाण आठव. पाठीमागे शत्रू आला की पांढरा, वार करणार असेल तर लाल, लांबून काही फेकलं तर जांभळा. मुलाच्या हाकेआधी तो बाणच आपल्याला दिसतो. मी मुलावर विसंबलोच नाही, बाणावर विसंबलो. बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं की हा कॅमेरा लढाईला अपुरा आहे, म्हणून त्यांनी त्याला काठी दिली. मग मुलाची हाक उरली ती फक्त ऐकायला."

"ते बाण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात."

"करता येतात. आणि मग न दिसलेल्या फटक्यानं मरण येतं. त्यातून मुलाचं प्रेम नाही वाढत, चिडचिड वाढते."

यावर ती हसली नाही, आणि तिनं ते मानलंही नाही. तिनं विषय कुऱ्हाडीकडे नेला, आणि तिथे मला तिच्या बाजूला जावंच लागलं.

लेव्हायथन नावाची ही कुऱ्हाड क्रेटोसच्या बायकोनं मागे ठेवलेली आहे. ती फेकता येते. फेकली की समोरच्या ड्राउगरच्या, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेताच्या, छातीत रुतते आणि तो गोठून जागीच थिजतो. मग क्रेटोस रिकाम्या हातांनी, नुसत्या मुठींनी लढतो. हवी तेव्हा त्रिकोणाचं बटण दाबायचं. क्षणभर काहीच होत नाही. कुऱ्हाड जिथे रुतलेली असते तिथून ती सुटल्याचा आवाज येतो, कंट्रोलर हलका थरथरायला लागतो, गरगरत येणारं पातं वाटेत कुणी असेल तर त्याला कापत येतं, आणि दांडा तळहातावर आदळतो तेव्हा कंट्रोलरला एकच ठोसा बसतो. फेक आणि परत बोलवणं यांतलं अंतर जितकं जास्त, तितकी ती थरथर लांबते. जोराचा चेंडू बॅटच्या बरोबर मध्यावर बसला की हाताला जे कळतं, तसं काहीसं हे आहे. सारं काही जमून आल्याचं कानांआधी तळव्याला कळतं.

"हेच तर!" ती म्हणाली. "हे बनवायला किती माणसं, किती महिने लागले असतील, तुला कल्पना आहे? खांदा किती मागे जातो, पाय किती सरकतो, पकड बसल्यावर मनगट किती वळतं. एकेका फ्रेमचं काम आहे ते."

"मला मान्य आहे. गेल्या काही वर्षांत ॲक्शन गेमनं हाताला दिलेली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. म्हणूनच विचारतो, एवढी सुंदर कुऱ्हाड हातात देऊन त्यांनी मला लढायला कोण दिलं?"

"कोण म्हणजे?"

"ट्रोल."

आता तीही थोडी गप्प झाली, कारण हा गेम ज्यांना जिवापाड आवडतो, त्यांनाही ट्रोलचं ठाऊक असतं. दगडी खांब खांद्यावर घेतलेला धिप्पाड ट्रोल सुरुवातीलाच येतो आणि तेव्हा फार भारी वाटतो. मग दुसरा येतो. नाव वेगळं, अंगावर आग किंवा बर्फ, खांब मात्र तोच. तोच आडवा फटका, तोच पाय आपटणं, आणि शेवटही बहुतेक वेळा त्याच पद्धतीनं. पुढे तिसरा, मग दोन एकदम. मोठ्या लढाईचं संगीत सुरू झालं की पुढे कोण उभा असणार, हे मला दिसायच्या आधीच कळायला लागलं.

"२००५ चा गेम सुरू होतो तोच समुद्रातल्या हायड्राशी लढत, तीही वादळात, जहाजाच्या डेकवर," मी म्हणालो. "दुसऱ्या भागात ऱ्होड्सचा कलोसस, अख्ख्या शहराएवढा. तो भाग याच बारलॉगनं दिग्दर्शित केला होता. तिसऱ्या भागाची सुरुवात पोसायडनशी. प्रत्येक वेळी नवीन देह, नवीन जागा, नवीन चाल. इथे एक ड्रॅगन आहे, थॉरचे दोन मुलगे आहेत, बाल्डर आहे, आणि बाकी ट्रोल."

"बाल्डर आहे ना? घराजवळची ती पहिली लढाई?"

"त्या लढाईमुळेच तर निराशा झाली!"

हे मी जरा मोठ्यानंच बोललो. पण ती लढाई आहेच तशी. दारावर थाप पडते. बाहेर उघड्या अंगाचा, गोंदलेला, काटकुळा वाटावा असा माणूस उभा. तो क्रेटोसला डिवचतो. क्रेटोस मारायला नको म्हणतो, आणि शेवटी एकच ठोसा मारतो. मग त्या काटकुळ्याचा एक ठोसा क्रेटोसला घराच्या छपरावरून पलीकडे उडवतो. दोघं एकमेकांना झाडांमधून, खडकांमधून आपटत जातात, शेवटी जमीन दुभंगते. त्या माणसाला काही दुखतच नाही, आणि आपल्या बोटांना ते कळतं, कारण पूर्ण ताकदीचा वार बसतो आणि तो हसतो. कोण आहे हे ठाऊक नाही, का आलाय ठाऊक नाही, मुलगा घरात लपलेला आहे. गोष्ट आणि हात यांत तिथे कुठे फटच नाही.

"एवढ्या लवकर एवढं मोठं आश्वासन दिलं," मी म्हणालो. "मला वाटलं, पुढे असंच आहे. पुढे पर्वत चढलो, तलाव पार केला, एल्फांच्या जगात जाऊन आलो, आणि तसलं पुन्हा काही मिळेपर्यंत माझी बोटं आकड्यांचा हिशेब करत बसली होती."

आकड्यांचं तिला सांगावं लागलं नाही. नव्या गेममध्ये क्रेटोसच्या चिलखताला, मनगटपट्ट्याला, कमरपट्ट्याला, कुऱ्हाडीच्या मुठीला स्वतंत्र दर्जे आहेत आणि त्या सगळ्यांचा मिळून एक स्तर ठरतो. शत्रूंचाही स्तर असतो. आपल्यापेक्षा फारच वरचा असला, की त्याच्या डोक्यावरची पट्टी जांभळी होते. मग ज्या ड्राउगरला आपण आतापर्यंत ढिगानं आडवं केलं, तसाच दिसणारा दुसरा ड्राउगर दोन फटक्यांत क्रेटोसला संपवतो. त्याची चाल वेगळी नसते, अक्कलही वेगळी नसते. त्याचा आकडा मोठा असतो, एवढंच. ज्यानं झ्यूसला मारलं, तो एका सडक्या प्रेतापुढे हरतो, कारण त्याचा कमरपट्टा जुना झालाय.

"त्या निमित्तानं ब्रॉक आणि सिंड्री भेटतात ना पण," ती म्हणाली. "एक शिवराळ, दुसरा रक्त लागलेल्या वस्तूला हात लावायलाही किळसणारा. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांची दुकानं नसती, तर त्यांचं भांडणही कळलं नसतं. आणि होडी? होडीतला मिमिर तुला आवडला नाही, असं म्हणूच नकोस."

"होडी मला फार आवडली."

खरंच आवडली. मिमिर म्हणजे झाडाच्या खोडात अडकवलेला ज्ञानी माणूस. त्याचं नुसतं मुंडकं क्रेटोस कमरेला बांधून घेतो. होडीत बसलं की ते मुंडकं देवांच्या गोष्टी सांगायला लागतं. ओडिन, थॉर, राक्षसांचा संहार. आणि किनारा आला, होडी बांधली, की तो मध्येच थांबतो, पुन्हा होडीत बसल्यावर पुढचं सांगेन म्हणतो. आणि सांगतोही, जिथे सोडलं तिथूनच. गोष्ट संपेपर्यंत मी कितीदा तरी उगाच तलावात गोल गोल फिरत राहिलो.

"बघ!" ती म्हणाली. "गोष्ट ऐकण्यासाठी होडी फिरवत राहिलास. हा खेळ नाही तर काय? तुझ्या मते खेळ म्हणजे फक्त मारामारी का?"

"नाही. पण या गेममध्ये नव्वद टक्के वेळ मला मारामारीच करायला लावलीय. (नेमका आकडा मोजलेला नाही, मला तसं वाटतं.) होडी चालवण्याचा गेम असता, तर मी होडी तपासली असती. मारामारीचा आहे, तर मारामारी तपासायला नको?"

इथे ती जरा पुढे सरकून बसली. मला वाटतं, ती या मुद्द्याची वाटच बघत होती.

"ठीक आहे, मारामारीच घे. हेलहाइमला जायचं असतं तेव्हा काय होतं?"

मला ठाऊक होतं ती कुठे चाललीय. मुलगा आजारी पडतो. फ्रेया नावाची जादूगारीण सांगते की औषधासाठी हेलहाइमच्या पुलावरच्या पहारेकऱ्याचं काळीज लागेल, आणि त्या मेलेल्यांच्या जगात बर्फाची कुऱ्हाड कामाची नाही. क्रेटोस एकटाच होडी वल्हवत घरी परततो. बाहेर वादळ आहे. तो घरातली जमीन उघडतो आणि खालून ती जुनी पाती काढतो, जी त्यानं मुलापासून लपवून ठेवली होती, ज्यांनी त्याच्या पहिल्या बायकोचा आणि मुलीचा जीव घेतला. अथेनाची छाया समोर उभी राहून त्याला तो अजून राक्षसच आहे म्हणते. मनगटांच्या पट्ट्यांखाली साखळ्यांचे व्रण आहेत, आणि त्याच मनगटांवर तो साखळ्या पुन्हा गुंडाळतो.

"आणि मग बाहेर येऊन पहिला वार केलास, तेव्हा?" तिनं विचारलं.

"माझ्या बोटांना तो आठवत होता."

"मी ते जुने गेम खेळलेच नाहीत, मामा. मला तो प्रसंग फक्त बघायला मिळाला. तुझ्या बोटांत २००५ पासूनची सवय साठलेली होती. क्रेटोसला जे विसरायचं होतं आणि विसरता येत नव्हतं, तेच तुझ्या हातांनाही विसरता आलं नाही. त्या प्रवासात मुलगा सोबत नसतो. सवयीनं बोट त्याच्या बाणाच्या बटणाकडे जातं आणि बाण येत नाही. हा गेम हाताकडे दुर्लक्ष करतो म्हणतोस? त्यानं तर तुझ्या हातांची स्मृती गोष्टीत ओवली. माझ्यापेक्षा तुझ्यासाठीच बनवलाय तो प्रसंग."

या गेमबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी कुठे वाचलेलं नव्हतं. परीक्षणांत वाचलं ते चित्रांबद्दल, बेअर मॅक्रीअरीच्या संगीताबद्दल, क्रिस्टोफर जज्जच्या आवाजाबद्दल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही न तुटणाऱ्या एकसलग दृश्याबद्दल. ते सगळं खरंच आहे. पण बोटांना काय आठवलं, हे कुणी लिहिलं नव्हतं.

"तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं आहे," मी म्हणालो. "आता मला पुढचं सांग. तो प्रसंग संपतो, पाती हातात येतात, क्रेटोस हेलहाइमच्या पुलावर पोचतो. तिथला पहारेकरी कोण असतो?"

ती काही बोलली नाही.

"सांग ना."

"ट्रोल," ती म्हणाली.

"ट्रोल! अख्ख्या गेमच्या सर्वांत मोठ्या क्षणानंतर, इतक्या वर्षांचं ओझं मनगटावर बांधून झाल्यावर, समोर पुन्हा खांब घेतलेला ट्रोल. नाव माट्टुगर हेल्सन, पण नावानं काय होतंय? मी तेव्हा कंट्रोलर खाली ठेवला होता. राग आला म्हणून नाही. इतकं चांगलं करू शकणाऱ्या माणसांनी इथे हात का आखडला, हे मला कळेना."

"पैसा, वेळ, माणसं," ती ताबडतोब म्हणाली. "एक नवीन बॉस म्हणजे नवीन देह, नवीन सांगाडा, सगळ्या हालचाली पहिल्यापासून. त्यात इथे कॅमेरा कुठेच तुटत नाही. जुन्या गेममध्ये लढाईच्या मध्येच दृश्य कापून लांबून देखावा दाखवता यायचा, इथे ती सोय नाही. म्हणजे प्रत्येक मोठा राक्षस खांद्यामागून, सलग, क्रेटोसच्या उंचीवरूनच चांगला दिसला पाहिजे. अवघड आहे रे ते."

"म्हणजे न तुटणाऱ्या कॅमेऱ्याची किंमत हातानं भरली."

"किंमत प्रत्येक गोष्टीची असते."

"असते. पण ती कुणी भरली, हे परीक्षणात लिहायला हवं होतं. त्याच कॅमेऱ्यापायी आपण कितीदा भिंतींच्या फटींतून अंग चोरत सरकलो, कितीदा लिफ्टमध्ये उभे राहिलो, कितीदा एकच बटण बडवत दरवाजे वर उचलले? पुढची जागा लोड होईपर्यंत आपल्याला गुंतवून ठेवायचं, म्हणून. एका जादुई दारातून दुसऱ्या दारात जाताना त्या विश्ववृक्षाच्या फांदीवर चालत राहायचं, तेही त्याचसाठी."

"फटीतून सरकताना दोघं बोलतात."

"बोलतात, आणि चांगलं बोलतात. तेव्हाही माझे हात मात्र रिकामेच."

मग बोलणं गुणांवर आलं. परीक्षणं प्रसिद्ध झाली त्या दिवशी गुण बघून बारलॉग रडले, त्याचा व्हिडिओ आहे. तो मीही पाहिलाय, आणि मला त्यांचा हेवा वाटत नाही. मुलगा झाल्यावर त्या माणसानं बापाची गोष्ट सांगायची ठरवली, जुनी लोकप्रिय मालिका उलटीपालटी करण्याची जोखीम घेतली, वर्षानुवर्षं खपला. रडू येईल नाही तर काय. माझं म्हणणं वाचणाऱ्याच्या बाजूनं आहे. आपल्याकडे असा एक गेम घ्यायचा म्हणजे काही हजार रुपये जातात. कॉलेजातला मुलगा महिनोन् महिने साठवून एकच घेतो, आणि घेण्याआधी गुण बघतो. सगळीकडे दहापैकी दहा. विशेषणं अशी एकदा वर चढली, की ट्रोलचा कंटाळा येतो हे साधं वाक्य लिहायला जागाच उरत नाही. लिहिलंच कुणी, तर त्याला विचारतात, तू तो खेळलास का नीट?

"मीच विचारलं सुरुवातीला," ती म्हणाली.

"तुला माफ आहे."

"पण मामा, कौतुक करणारे खोटं बोलत नव्हते. माझ्यासारख्या कितीतरी जणांना तो तसाच वाटला. आई घे. आईनं आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. मी खेळताना शेजारी बसून पूर्ण बघितलं तिनं, आणि नंतर सर्वांत सोप्या पातळीवर स्वतः खेळून योटुनहाइमपर्यंत, म्हणजे अगदी शेवटपर्यंत गेली. राख उधळताना रडली. लढाई तुला हवी तशी कठीण असती, तर ती घराजवळच थांबली असती."

ताई गेम खेळली हे मला ठाऊक होतं, रडली हे नव्हतं. तरीही माझा मुद्दा तिथेच उभा होता, आणि तो सिद्ध करणारी गोष्ट याच गेममध्ये आहे. वाल्किरी.

गेमच्या कडेकोपऱ्यांत, बहुतेक ओडिनच्या बंद खोल्यांत, आठ वाल्किरी कोंडलेल्या आहेत, आणि त्या आठ हरवल्या की त्यांची राणी सिग्रुन समोर येते. प्रत्येकीचे पंख, प्रत्येकीचा पवित्रा, प्रत्येकीच्या चालींचा संच वेगळा. कुणी हवेतून झेप घेते, कुणी पंखांची ढाल करते, कुणी डोळे दिपवते. प्रत्येक वाराआधी एक खूण असते, आणि ती खूण ओळखली तर टाळता येतो, थोपवता येतो, उलटवता येतो. आकडा थोडा कमी असला, तरी हात तयार असेल तर जिंकता येतं. सिग्रुनमध्ये त्या आठही जणींचं सगळं एकत्र येतं. तिच्यापुढे मी कितीदा मेलो सांगत नाही, पण प्रत्येक वेळी का मेलो हे मला कळत होतं. ज्या गेमची मी सुरुवातीपासून वाट बघत होतो, तो तिथे होता.

"सिग्रुन मला जमलीच नाही," भाची म्हणाली. "पण भारी आहे ती."

"आणि तरीही तिला एकदाही न भेटता गोष्ट संपते. नऊपैकी एकीलाही भेटावं लागत नाही. ज्याला फक्त मुख्य वाटेनं जायचंय, त्याच्या वाट्याला ट्रोल."

"२०२२ च्या 'रॅग्नारॉक' या पुढच्या भागात त्यांनी ते सुधारलंय. कितीतरी वेगवेगळे बॉस आहेत त्यात. म्हणजे तुझी तक्रार त्यांनी ऐकली."

"माझी नाही. माझ्यासारख्या बऱ्याच जणांची. ज्यांची निराशा झाली होती, त्यांचीच ना?"

"बरं, पण आईचं काय? वाल्किरी मुख्य वाटेवर ठेवली असती, तर आई अडकली असती."

"सोप्या पातळीवर वाल्किरीही सोपीच झाली असती."

"मग ती वाल्किरी राहिली असती का?"

"चाली त्याच ठेवायच्या, फक्त फटका हलका. ताईलाही कळलं असतं की ही झेप घेणार, आता सरकायचं. तिला तो आनंद मिळू नये, असं का? ती फक्त रडण्यासाठीच खेळत होती का?"

यावर तिनं बराच विचार केला. "कुठे ठेवशील?" ती म्हणाली. "उगाच कुठेही नाही चालणार. गोष्टीत बसली पाहिजे."

"हेलहाइमच्या पुलावर. ट्रोलच्या जागी. वाल्किरींचं काम मेलेल्यांना घेऊन जाण्याचं. त्या कोंडल्या गेल्या म्हणूनच हेलहाइम तुंबलंय, असं गेममध्येच सांगितलंय. मेलेल्यांच्या जगाच्या दारात वाल्किरी उभी, आणि समोर जुनी पाती घेतलेला क्रेटोस. याहून नेमकी जागा कुठली?"

"नाही जमणार."

"का?"

"पहारेकऱ्याचं काळीज आणायला सांगते कोण? फ्रेया. फ्रेया स्वतः पूर्वी वाल्किरींची राणी होती. ती क्रेटोसला आपल्याच बाईचं काळीज काढून आणायला सांगेल?"

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. "मग पहारेकरी वेगळा कुणीतरी ठेवू," मी म्हणालो, "आणि वाल्किरी त्याच्या आधी, वाटेत."

"हेलहाइममध्ये एक वाल्किरी आहेच, मामा. रोटा. बाजूच्या बंद खोलीत."

"ठाऊक आहे. मग तिच्या खोलीचं दार वाटेवर का नाही?"